कानांतील गाज

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नांदगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विद्यार्थ्यांना हितोपदेश अथवा शिक्षणाचे महत्त्व असा काही विषय त्यांच्या मनात असावा. निवृत्त शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा ती कोणती करावी? आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा १९७४ साली उत्तीर्ण झालो, शिक्षणशास्त्राची पदविका घेतली आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून उभी हयात घालविली. उपदेश करणे ही आमची जुनी खोड आहे. परंतु आज आपणांपुढे आम्ही एक कबुली देण्यासाठी उभे आहोत. ती कबुली एका विकारासंबंधीची आहे आणि त्या विकारापायी आमच्या हातून घडलेल्या दोन अपराधांसंबंधीचीही आहे.

आपल्या नांदगावाला समुद्र नाही. मुंबई-गोवा हमरस्त्यावरून देवगडकडे रस्ता फुटतो, त्या तिठ्याचे हे गाव. किनारा येथून दूर राहिला. तरीही २०२१ सालापासून आम्हांस येथे अहोरात्र समुद्राची गाज ऐकू येते. आपणांसमोर उभे राहून बोलत असताना, या क्षणीही ती चालू आहे. तिच्यावर रातकिड्यांची अखंड किरकिर आहे. या विकारास वैद्यकात कर्णनाद म्हणतात. बाहेर आवाज नसताना कानांत अगर डोक्यात आवाज ऐकू येणे, अशी त्याची सरळ व्याख्या आहे.

आरंभी आम्हांस त्याची यत्किंचितही कल्पना नव्हती. त्या वर्षीचा पावसाळा संपत आला होता. परसामागील व्हाळाचा आवाज चार महिने कानांत बसतो, तोच अजून येत आहे असे आम्ही समजलो. दिवाळी झाली, मार्गशीर्ष उजाडला, व्हाळ आटून त्यातील धोंडे उघडे पडले, तरी आवाज थांबेना. नोकरीतील एकोणीस वर्षे आम्ही मालवण किनाऱ्यावरील एका गावी, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर बिऱ्हाड करून काढली होती. त्यामुळे तो आवाज गाजेसारखा आहे हे आम्हांस कळत होते. पण येथे गाज कोठून येणार? तर्क लढविता लढविता आमची नजर शेजारच्या पोफळीच्या बागेवर गेली. बाग आमच्या चुलतबंधूंची. त्याच सुमारास त्यांनी तेथे विजेचा नवा पंप बसविला होता. आम्ही मनाशी निकाल देऊन टाकला की, ही घरघर पंपाची आहे.

एका रात्री अकराच्या सुमारास आम्ही कुंपणापाशी जाऊन बंधूंस हाक मारली आणि पंप बंद करण्यास सांगितले. पंप बंदच आहे, असे ते म्हणाले. आमचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी बॅटरी घेऊन आम्हांस पंपापाशी नेले. आम्ही पंपावर हात ठेवला. तो थंडगार होता. ज्ञातिबंधूंनो, त्या वेळी खरे तर आम्ही जे समजावयाचे ते समजावयास हवे होते. परंतु चाळीस-चाळीस मुलांपुढे जन्मभर ज्याचे म्हणणे खरे ठरले, त्यास आपलाच कान खोटे सांगत आहे हे मानणे जड जाते. "आम्ही येताना पाहून तू बटण बंद केलेस," असे शब्द आमच्या तोंडून गेले. बंधू काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आमचे बोलणे थांबले.

पुढे त्याहूनही विचित्र प्रकार सुरू झाला. रात्री दोनच्या सुमारास जाग येई आणि दूर कोठेतरी दशावताराची पायपेटी, पखवाज आणि झांज वाजू लागे. चाल ओळखीची असे, शब्द मात्र एकही लागत नसे. दहिकाल्याचे दिवस होते, तेव्हा कोठेतरी नाटक असेल असे वाटे. एके रात्री आम्ही अंगावर कांबळे घेऊन देवळापर्यंत चालत गेलो. देऊळ बंद होते, अंगणात दोन कुत्री झोपली होती आणि पेटी वाजतच होती. त्या रात्री मात्र आम्हांस मनस्वी भीती वाटली. एक तर आपणांस वेड लागत आहे, नाहीतर लहानपणी ऐकलेल्या देवचाराच्या गोष्टी खऱ्या आहेत, या दोहोंखेरीज तिसरा विचार सुचेना. सौ.ने विचारले, तेव्हा पोटात दुखत होते म्हणून फेरी मारून आलो, असे सांगितले.

असे सुमारे वर्ष गेले. झोप मोडली, स्वभाव चिडखोर झाला, जेवणावरची वासना गेली. आपल्या भावकीचा गणपती मूळ घरी एकच असतो, हे आपण जाणताच. २०२२ सालच्या चतुर्थीस आम्ही तेथे आरतीला गेलो नाही. बंधूंचे तोंड पाहणे नको हे एक कारण होते. आरतीच्या टाळांनी कानांतील कल्लोळ वाढतो आणि तो कोणास सांगता येत नाही, हे दुसरे. मुंबईहून आलेली मुले विचारीत राहिली. आमच्या घरून नैवेद्य गेला, आम्ही गेलो नाही. आमच्या आठवणीत असे कधी झाले नव्हते.

शेवटी उलगडा झाला तो आमच्या दहा वर्षांच्या नातीमुळे. दिवाळीच्या सुटीत ती ओटीवर आमच्याजवळ बसली असता आम्ही सहज विचारले, "तुला गाज ऐकू येते का गं?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही आजोबा. तुमच्या कानात आहे का? मी ऐकू?" आणि खरोखरच आमच्या कानाला कान लावून बसली. तिला काही ऐकू आले नाही, पण आमच्या डोळ्यांत पाणी आलेले तिने पाहिले आणि बापास सांगितले. चार दिवसांत मुलाने आम्हांस कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे नेले.

त्या डॉक्टरांनी प्रथम कानांतील मळ काढला, रक्तदाब पाहिला आणि बंद खोलीत बसवून यंत्रावर श्रवणाची परीक्षा घेतली. निरनिराळ्या उंचीचे सूर हळूहळू मोठे करीत जातात आणि ऐकू येताच आपण बटण दाबावयाचे. त्याचा जो आलेख निघाला, तो पाहून आम्ही चकित झालो. खालचे सूर ठीक होते, वरचे सूर दोन्ही कानांनी पुष्कळसे गमावले होते. आम्ही बहिरे होत चाललो होतो आणि आम्हांस त्याचा पत्ताच नव्हता. मुले तोंडातल्या तोंडात बोलतात, सूनबाई हळू बोलते, असे आम्ही जगास दोष देत होतो.

आता हे ऐकू येणे होते कसे, ते जसे आम्हांस समजले तसे सांगतो. कानाच्या अंतर्भागात शंखाच्या आकाराची एक चिमुकली नळी असते. तीत सुमारे पंधरा हजार अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. पेटीची एकेक पट्टी जशी एकेका सुराची, तशी नळीतील एकेक जागा एकेका सुराची असते. वय, मोठे आवाज, काही औषधे व रोग यांनी या पेशी मरतात, त्यातही बहुधा वरच्या सुरांच्या आधी. माणसाच्या कानांत त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या मेल्या की तेथून मेंदूकडे जाणारी वर्दी थांबते. मग मेंदू काय करतो? आमच्या वर्गातला अनुभव आठवा. मागच्या बाकावरील मुलाचे उत्तर ऐकू येईना, की गुरुजी कान टवकारतात. कान टवकारले की एरवी लक्षातही न येणारी कुजबूज, पाटीवरील पेन्सिलीची कुरकुर, सारे मोठे होऊन ऐकू येते. मेंदूही तसाच कान टवकारतो. जी वर्दी येईनाशी झाली ती पकडण्यासाठी तो आपली संवेदना वाढवितो आणि मज्जातंतूंची स्वतःची कुजबूज त्यास आवाज म्हणून ऐकू येते. कर्णनादाचा हा उलगडा आज शास्त्रज्ञांत पुष्कळसा मान्य झालेला आहे.

ही कुजबूज प्रत्येकाच्या ठायी असते. १९५३ साली अमेरिकेत हेलर व बर्गमन या दोन संशोधकांनी, ज्यांचे कान निर्दोष होते अशा ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसविले आणि काय ऐकू येते ते नोंदविण्यास सांगितले. त्यांपैकी शेकडा ९४ जणांनी काही ना काही आवाज ऐकल्याचे नोंदविले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात, प्रौढ माणसांपैकी शेकडा सुमारे १४ जणांस कर्णनादाचा अनुभव असल्याचे आढळले. या मांडवात शंभर माणसे असतील तर चौदा झाली. आपण एकमेकांकडे पाहू नका, पण ती येथे आहेत.

आपल्या पूर्वजांसही हा विकार अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले असून त्यांत कर्णनाद आहे. माधवनिदानात त्याचे आवाज भेरी, मृदंग आणि शंख यांसारखे सांगितले आहेत, आणि ज्यात वेणूसारखा नाद ऐकू येतो त्यास कर्णक्ष्वेड असे वेगळे नाव दिले आहे. आम्हांस पखवाज ऐकू येतो म्हणून आम्ही देवचारास भ्यालो, आणि आमच्या शेकडो वर्षे आधीच्या वैद्याने मृदंगाची नोंद करून ठेवली होती! पाश्चात्त्य देशांतील थोर संगीतकार बेटोव्हेन याने १८०१ साली एका वैद्यमित्रास लिहिलेल्या पत्रात, आपले कान रात्रंदिवस गुणगुणतात अशी तक्रार केली आहे. स्मेताना हा चेक संगीतकार १८७४ साली बहिरा झाला. त्याच्या कानांत जी तीव्र शिटी वाजे, ती त्याने १८७६ सालच्या आपल्या एका रचनेच्या शेवटी व्हायोलिनच्या एका उंच, लांब सुराने सर्वांस ऐकविली. ज्यास सांगूनही कोणी मानीत नाही, त्याने केलेला तो खुलासाच होता असे आम्हांस वाटते.

हे आवाज नाना परींचे असतात आणि त्यांचा भेद जाणणे हिताचे असते, म्हणून तो थोडक्यात सांगतो. किरकिर, शिटी, गाज, मोटरीची घरघर हे एकसारखे चालणारे आवाज सर्वांत सामान्य होत. काहींस टकटक, टकटक असा, टंकलेखनाचे यंत्र चालल्यासारखा तुटक आवाज येतो. कधी तो कानाच्या आतील लहान स्नायूंच्या झटक्यांनी होतो, तर कधी एखादी रक्तवाहिनी श्रवणाच्या मज्जातंतूस घासल्याने होतो. यांपैकी काही प्रकारांवर औषधाचा चांगला गुण येतो. काहींस नाडीच्या ठोक्याबरोबर धप्‌ धप्‌ असा आवाज येतो. त्याची हयगय मुळीच करू नये, कारण त्याच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचा दोष असू शकतो व तो तपासणीत सापडतो. आणि काहींस, विशेषतः श्रवण मंद झालेल्या वृद्ध माणसांस, भजन, पेटी, बँड असे संगीत ऐकू येते. ज्यास हे बाहेर वाजत नाही असे कळते, तो वेडा नव्हे. मेंदू जुन्या आठवणींतील सूर काढून रिकामी जागा भरीत असतो, इतकेच. कानांत कोणी आज्ञा करीत असेल, धमकावीत असेल, तर मात्र ते प्रकरण वेगळे. त्या माणसास मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. त्यातही लाजण्यासारखे काही नाही.

आणखी काही खुणा ध्यानात ठेवाव्या. आवाज एकाच कानात असणे, एका कानाचे ऐकणे एकाएकी बंद पडणे, सोबत घेरी येणे, कानांतून पू वाहणे, यांपैकी काही घडले तर विलंब करू नये. ऐकणे एकाएकी गेले असेल तर उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो. कानांत कढत तेल किंवा लसणीचा रस ओतण्याची आपल्याकडील रीत सोडून द्यावी. पडद्यास भोक असेल तर तेच तेल आत जाऊन घात करते. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी काही इंजेक्शने व मोठ्या मात्रेतील अॅस्पिरिन यांनीही कान वाजू लागतात. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, परंतु कान वाजतो हे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

आता उपचारांविषयी. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो असे म्हणतात. हा आजार बहुधा मुंगीच्या पावलानेही जात नाही, हे आम्ही आपणांपासून लपवीत नाही. जेथे मळ, कानाचा रोग अथवा औषध हे कारण असते, तेथे ते दूर होताच आवाज थांबू शकतो. आमच्यासारख्यांच्या बाबतीत आवाज घालविणारी खात्रीची गोळी अद्याप निघालेली नाही, आणि जो तशी जाहिरात करतो त्याच्या नादी लागू नये. मात्र आवाज राहूनही त्रास जातो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आम्हांस दोन्ही कानांस श्रवणयंत्रे दिली गेली. बाहेरचे आवाज पुन्हा मेंदूकडे जाऊ लागले, तसा टवकारलेला कान सैल पडला. पहिल्या दिवशी परसात साळुंक्यांची कलकल ऐकून आम्ही थबकलो. त्या कधी ओरडेनाशा झाल्या होत्या, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. रात्रीची पेटी हळूहळू विरळ होत गेली आणि आता महिनोन्‌महिने वाजत नाही.

दुसरा उपाय असा की, निःशब्द शांततेत बसू नये. निजताना पंखा चालू ठेवावा किंवा रेडिओ अगदी हलका लावावा. काळोख्या खोलीत समई डोळ्यांस खुपते, तीच उजेडात दिसतही नाही. तिसरा उपाय मनाचा आहे. यावर पावेल यास्त्रेबोफ या शास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास मोठा विचार मांडला. आवाज जितका त्रास देतो त्याहून त्या आवाजाची भीती अधिक त्रास देते, कारण ज्यास मेंदू धोका समजतो त्यावरून तो लक्ष काढीत नाही. घड्याळाची टिकटिक आपण ऐकेनासे होतो, कारण तिच्यापासून भय नाही हे मेंदूस ठाऊक असते. भीती गेली की कर्णनादही त्याच वाटेने मागे सरतो. जाणकाराशी ठरावीक भेटी घेऊन विचारांची ही सवय बदलण्याची एक पद्धत आहे आणि तिचा उपयोग होतो, हे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. मुंबईत वांद्र्यास १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवणाच्या दोषांचे काम करते. मुंबईकर मंडळींनी हे ध्यानी ठेवावे.

आम्हांस हे सर्व उमगले, तेव्हा पहिले काम उरले ते बंधूंकडे जाण्याचे. ते डॉक्टरांकडे जाण्याहून कठीण होते. एके दिवशी तिन्हीसांजेस आम्ही त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो आणि कानांतील यंत्र काढून त्यांच्या हाती दिले. "पंप तुझा नव्हता, माझ्या कानात होता," एवढेच बोललो. ते बराच वेळ यंत्राकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "दादानू, आमच्या बापाशीक साचे ऐकाक येयत, तुमका पंप ऐकाक येता."

त्यांच्या या एका वाक्याने आमचा दुसरा अपराध उघडा केला. तो पहिल्याहून मोठा आहे.

बंधूंचे वडील म्हणजे आमचे धाकटे काका. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांप्रमाणे तेही गिरणगावात होते, साचाखात्यात होते. एका साच्याजवळ उभे राहून शेजारच्या माणसाशी बोलावे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागे, असे ते सांगत. इंग्लंडातील लँकेशायरच्या विणकरांनी तर याच कारणाने नुसत्या ओठांच्या हालचालींनी बोलण्याची रीत पाडली होती. आज शास्त्र सांगते की, ८५ डेसिबलच्या आवाजात माणसाने आठ तासांहून अधिक राहू नये, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की तो काळ निम्म्यावर येतो. म्हणजे ९७ डेसिबलला जेमतेम अर्धा तास होतो. साचाखात्याचा आवाज ९० ते १०० च्या घरात असे, आणि काकांनी तेथे सव्वीस वर्षे आठ-आठ तासांच्या पाळ्या केल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे काय झाले ते आपल्या घराघरांस ठाऊक आहे. काका १९८३ साली गावी परतले ते कायमचे. येथील शांततेत, रात्री, ते उठून बसत आणि म्हणत, "साचे बंद करा रे." सारे गाव हळहळले की, गिरणीच्या दुःखाने म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. गाऱ्हाणे घातले, ताईत बांधले. आम्ही त्या वेळी पंचविशीतील शिकलेले मास्तर. आमच्यापाशी त्यांनी एकदा आपणहून विषय काढला. "तू शिकलेला आहेस. हा आवाज कुठून येतो ते सांग," असे ते म्हणाले. आम्ही काय सांगितले? "काका, मनातून काढून टाका." त्यानंतर त्यांनी तो विषय आमच्यापाशी कधी काढला नाही. ते १९९१ साली वारले. आठ वर्षे ते आमच्या शेजारी, साच्यांच्या गोंगाटात, एकटे बसून होते. त्यांचा आवाज खरा होता, हे त्यांना कोणी सांगितले नाही. जे त्यांना हवे होते ते औषध नव्हतेच. कोणीतरी विश्वास ठेवणे, एवढेच हवे होते. आमच्या नातीने जे दहाव्या वर्षी केले, ते आम्हांस पंचविसाव्या वर्षी, हाती सनद असता सुचले नाही.

बंधूंनी आम्हांस क्षमा केली, २०२३ सालच्या चतुर्थीस आम्ही मूळ घरी आरतीला उभे राहिलो. टाळ वाजले तेव्हा यंत्राचा आवाज थोडा कमी केला, एवढेच. काकांची क्षमा मात्र आता मागता येत नाही. म्हणून आपणांपुढे हे बोललो.

ज्ञातिबंधूंनो, आता आमच्या चार विनंत्या आहेत. पहिली विनंती तरुणांस. आपली मुले आज चिरेखाणीत यंत्राजवळ उभी राहतात, ट्रॉलरच्या इंजिनापाशी निजतात, आणि उरलेला वेळ कानांत गाणी कोंबून बसतात. खाणीत कानांस बोळे किंवा टोप्या लावाव्या, गाण्याचा आवाज बेताचा ठेवावा. मेलेली पेशी कितीही पैशांनी परत मिळत नाही.

दुसरी विनंती मंडळास. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास बंदी केली. शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस निराळे. आपल्या समारंभांत कर्ण्यांच्या भिंती उभ्या न करण्याचा ठराव आपण आपल्या आपण करावा. पखवाज आणि टाळ यांनी आपल्या देवाचे आजवर काही अडले नाही.

तिसरी विनंती अशी की, या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर साठीच्या पुढील सर्वांची श्रवणपरीक्षा दरवर्षी व्हावी. गरजू वृद्धांस श्रवणयंत्रे व इतर साधने मिळावीत म्हणून केंद्र शासनाने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. अशा योजनांचे अर्ज भरून देण्याचे काम आमच्यासारख्या निवृत्तांनी करावे. या कामास आरंभ म्हणून आम्ही व आमचे चुलतबंधू मिळून, कै. काकांच्या स्मरणार्थ, रुपये ११,००१ मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत. चष्मा लावताना आपण लाजत नाही, मग श्रवणयंत्र लावताना का लाजावे? ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर आमचे यंत्र हाती घेऊन पाहावे.

चौथी विनंती भगिनींस व मुलांस. घरातील म्हातारे माणूस उगाच चिडू लागले, दोन-दोनदा विचारू लागले, रात्री उठून बसू लागले किंवा भजन ऐकू येते म्हणू लागले, तर हसू नका आणि अंगाऱ्यास धावू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "काय ऐकू येते?" आणि ते जे सांगेल ते खरे माना. नंतर त्यास डॉक्टरांकडे न्या. अर्धा आजार तेथेच हलका होतो.

आमची गाज चालू आहे. ती आता आमच्याबरोबरच थांबेल असे दिसते. कधी कधी रात्री ती ऐकत पडलो असता किनाऱ्यावरची आमची जुनी शाळा, पडवीत ओळीने ठेवलेल्या मुलांच्या वहाणा आणि माडांमधून दिसणारे पाणी डोळ्यांपुढे येते, आणि झोप लागते. काकांस मात्र साचे ऐकत झोप लागत नसे. तेवढे आपण विसरू नये, अशी हात जोडून प्रार्थना आहे.